साथीत तुरुंग: कैदी सोडायचे की आतच उपचार द्यायचे?

तापीकाठ:
कोविडच्या साथीत, 23 मार्च 2020 ला, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना कोणते कैदी तात्पुरते सोडायचे हे ठरवणाऱ्या उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितलं. 8 मेला महाराष्ट्राने नियम बदलून 45 दिवसांचा आपत्कालीन पॅरोल आणला. माझ्या मते सगळा भर चुकीच्या जागी पडला. मकोका (संघटित गुन्हेगारी), एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवाद, बेकायदा कारवाया) या कायद्यांखालचे कैदी वगळले गेले, म्हणजे ते त्याच बराकीत राहिले. पुढच्या साथीत पैसा आणि माणसं आतल्या दवाखान्याला द्या.

धुळे_वकील:
अजिबात पटत नाही. पथाऱ्यांना पथाऱ्या लागलेल्या, संडास सामायिक. तिथे डॉक्टर काय करणार? आदर्श कारागृह नियमावली 300 बंद्यांमागे एक डॉक्टर सांगते, पण त्याने बराकीतली जागा वाढत नाही. बहुतेक बंदी तर कच्चे कैदी, गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. आधी गर्दी कमी करा.

सातपुडा_आरोग्य:
वकीलसाहेब, सुटून माणूस जातो कुठे? नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर, जिथून प्राथमिक आरोग्य केंद्रच लांब. एसटी बंद असताना तो पोहोचणार कसा? 13 एप्रिल 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने बाधिताला सोडू नका, सुटलेल्यांच्या वाहनाची सोय करा, असं सांगितलं होतं. तेवढं नीट झालं तरच सुटका हा उपाय.

सिव्हिल_ड्यूटी:
तुमच्या वादात रात्र राहून जातेय. संध्याकाळी बराक बंद झाली की धाप लागलेल्याची हाक पहारेकऱ्यापर्यंत जाते, पण तो मोजणार कशाने? प्रत्येक पहाऱ्याला एक ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आणि त्याचे जादा बॅटरी सेल द्या. बोट कोमट आणि स्वच्छ हवं, हात स्थिर, आकडा मिनिटभर टिकला तरच लिहायचा. 94 टक्क्यांखाली गेला तर लगेच सिव्हिलला. ठीक दिसला आणि बसल्या जागी धाप नसेल तरी 6 मिनिटं चालवून पुन्हा बघा, चालल्यावर घसरणारा आकडा आधी सावध करतो. एप्रिल-मेच्या उन्हात तापाला "ऊन लागलं" म्हणून सोडून देतात, ते तर फार घातक.

आणि खरी अडचण गार्डची. बंद्याला नेणारं पथक पोलीस मुख्यालयातून येतं, लॉकडाऊनमध्ये तेच लोक नाकाबंदीवर. गार्ड नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. साथ जाहीर होताच चार जणांचं पथक फक्त दवाखान्यासाठी राखून ठेवा.

धुळे_वकील:
पथकाचं मान्य. तरी गर्दीचं म्हणणं मी सोडत नाही. त्या पथकाने एका वेळी किती जण न्यायचे?