पैदास केलेल्या धामणी शेतात सोडाव्यात का?

तेरणाकाठ: सोयाबीन निघालं, हरभरा पेरला आणि वावरात उंदरांची बिळंच बिळं. पूर्वी बांधानं चालताना उंदीर खाणारी धामण आडवी जायची, आता दिसते ती रस्त्यावर चिरडलेली. तळ्यात मत्स्यबीज सोडतात तशी वनखात्यानं धामणींची पैदास करून गावोगाव सोडावी, असं माझं मत. १९९४ ला बीडच्या मामला गावात प्लेग आला होता, त्यामुळं उंदराला आपण तरी हलक्यात घेऊ नये.

बांधावरचा: भाऊ, अंड्यातून निघालेलं पिल्लू उंदीर गिळत नाही. बारके बेडूक, पाली, सरडे हे त्याचं खाणं. उंदराच्या मापाला येईपर्यंत मुंगूस, मांजर, कावळे त्याला सोडत नाहीत. त्यातूनही वाचलं तर आपलं उंदीर मारायचं विष, ब्रोमॅडिओलोन, आहेच! ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावून दोन-चार दिवस फिरतो, आणि असाच उंदीर सापाला आयता सापडतो. शिवाय सोडणार कुठं? दगडी बांध जेसीबीनं गेले, उसाचं पाचट आपण पेटवतो.

गौताळा_वेडी: यात दोन गोष्टींची गल्लत होतेय. जुनं माळवद किंवा गढीची भिंत पाडताना अंडी निघतात. वनखात्याला कळवून ती आहे तशी उचलायची, वरच्या बाजूला खूण करायची, उलटू द्यायची नाहीत आणि ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) ठेवायची. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, ती त्याच शिवारात सोडायची. याला माझा पूर्ण पाठिंबा. पण नर-मादी कोंडून पैदास करायला माझा पाठिंबा नाही. एका खोलीत दहा ठिकाणचे साप आले की गोचिड्या, जंत, बुरशी एकमेकांत पसरतात आणि तेच आपण रानात नेऊन सोडतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामण अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, परवानगीशिवाय हातसुद्धा लावता येत नाही.

तेरणाकाठ: ताई, अमेरिकेत अलाबामातून इंडिगो साप संपला होता. २०१० पासून पाळून वाढवलेले सोडले आणि २०२० मध्ये तिथल्या रानात जन्मलेलं पिल्लू सापडलं. त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?

परळीचा_मास्तर: अहो, दहा वर्षं लागली की! आणि तिथं साप उरलाच नव्हता, आपल्याकडं धामण अजून आहे. तिला पिल्लं होतात, पण ती जगत नाहीत. घरचं उदाहरण घ्या. चंबळ-गंगेच्या खोऱ्यात १९७५ पासून सुसरीची अंडी गोळा करून, पिल्लं वाढवून हजारोंनी नद्यांत सोडली. वाळूउपसा, धरणं, मासेमारीची जाळी तशीच राहिली आणि २००७ मध्ये सुसर अतिसंकटग्रस्त यादीत गेली. तिथं सरकारचा पैसा होता, अभयारण्यं होती. आपण तर काडीकचरा जाळतानासुद्धा खाली काय आहे ते बघत नाही.

ढेकूळ: आमच्याकडं धामण दिसली की लोकं काठी घिऊन पळायलेत. गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिती म्हणं! अन् खात्यानं साप सोडले असं गावाला कळलं, तर उद्या घोणस चावली तरी नाव त्या धामणीचंच. मोर्चा निघंल तालुक्याला.

तेरणाकाठ: म्हणजे कुणीच काही करायचं नाही? यंदाचा हरभरा तर वाचायला पाहिजे ना!

बांधावरचा: हरभऱ्यासाठी पक्षीथांबे रोवा, रात्री घुबडं बसतात. एवढ्यानं उंदीर संपणार नाहीत, पण विषाच्या पुड्या तरी कमी होतील.

तेरणाकाठ: थांबे आहेत आणि उंदीरही आहेत. मी अर्ज देणार, एका गावापुरता प्रयोग मागणार.

गौताळा_वेडी: द्या. पण त्या गावच्या ग्रामसभेनं विष बंद केल्याचा आणि बांध राखल्याचा ठराव सोबत जोडा. नाहीतर माझी सही मिळणार नाही.

तेरणाकाठ: बांधाचं बोलतो सरपंचांशी. विषाचं कठीण आहे, शेजारीच ऐकायचा नाही.