मदत हवी आहे : मेन बंद केलं तरी नळाला करंट

मंडळी, घर खानापूर तालुक्यात, जमीन जांभ्याची. बाथरूमच्या लोखंडी नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. अंगणात लांब सळई ठोकून नळाशी व्होल्टेज मोजलं : 38 व्होल्ट. मीटर उगाच दाखवत असेल म्हणून मध्ये बल्ब जोडून पाहिलं, आकडा फारसा उतरत नाही. बोअरच्या मोटरचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडला की 11 वर येतो. म्हणजे मोटरचं वाइंडिंग किंवा केबलचा जोड गळतोय, हे कळलं. पण उरलेले 11 कुठले? फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं मेन बंद केलं तरी ते राहतातच. पाण्याची लाईन शेजाऱ्यांशी जोडलेली आहे, तिकडूनच येत असेल का?

वायरमन म्हणतोय, बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून टाकूया. मला हे अजिबात पटत नाही. खांबावरून न्यूट्रल तुटला तर फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्यांच्या अंगात 230 येईल की!

अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी, मीठ, कोळसा सगळं झालं. जांभ्यात पाणी टिकत नाही ओ. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आधी बसवू, की गळती काढून मग? आणि गळती मोजायचा क्लॅम्प मीटर बेळगावात भाड्याने कुठे मिळेल? तोवर मोटर बंदच आहे, पाणी विहिरीचं.