क्वेर्सेटिन (कांद्यातलं पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पती-रसायन) दिल्यावर आरओएस (पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू) कमी होण्याऐवजी वाढतंय! मदत हवी आहे (तातडीने)

रात्रपाळी: एच९सी२ (उंदराच्या हृदयाच्या) पेशी. आधी क्वेर्सेटिन, मग डॉक्सोरुबिसिन (हृदयाला इजा करणारं कॅन्सरचं औषध), मग डीसीएफडीएने (आरओएस असलं की हिरवा चमकणारा डाय) आरओएस मोजलं. क्वेर्सेटिनच्या ५ आणि १० मात्रेला सिग्नल उतरतो, ५० ला चढतो, १०० ला तर नुसत्या डॉक्सोच्याही वर जातो. दर वेळी तेच. गाईडना शुक्रवारी ग्राफ हवाय. 'ते अँटिऑक्सिडंट आहे' हे कृपया सांगू नका.

पिपेटपांडू: मायक्रोमोलर ना? मीडियम (पेशी वाढवायचा द्रव) कुठलं, किती तास, डाय घालण्याआधी धुतलं का? नुसतं क्वेर्सेटिन, डॉक्सोशिवाय, अशा वेल (प्लेटमधले खळगे) आहेत का?

रात्रपाळी: मायक्रोमोलरच, आणखी काय असणार! मीडियम नेहमीचंच.

जुनं_खोड: बाटली खराब असेल. आधी डीपीपीएच (पेशींशिवायची अँटिऑक्सिडंट चाचणी) करून बघा. जांभळा रंग उडाला की माल चांगला. आमचं सगळं आयुष्य त्यावर गेलं.

पिपेटपांडू: काका, मेथॅनॉलमधल्या डीपीपीएचवरून पेशीत काय चाललंय ते कसं कळणार?
@रात्रपाळी, 'नेहमीचं' म्हणजे डीएमईएम? पायरुवेटवालं की बिनपायरुवेटचं?

रात्रपाळी: डीएमईएम, पायरुवेट नाही. २४ तास. त्याच मीडियममध्ये डाय घातला, धुतलं नाही. त्याने काय होतं?

पिपेटपांडू: तिथेच गोम आहे. क्वेर्सेटिन डीएमईएममध्ये आपोआप ऑक्सिडाइज होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पेशी असोत वा नसोत. पायरुवेट असतं तर त्याने बरंच खाऊन टाकलं असतं. प्लेट इन्क्युबेटरबाहेर राहिली की मीडियम गुलाबी-जांभळं होतं, पीएच चढतो आणि हे आणखी जोरात चालतं. मीडियममध्ये कॅटॅलेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घालून बघ. ते पेशीत शिरत नाही, त्यामुळे सिग्नल उतरला तर पेरॉक्साइड बाहेरचं.

बिनसाखरेचा: वडिलांची अँजिओप्लास्टी झालीये, क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारी गोळी) चालू आहे. अर्जुनसालीचा काढा दिला तर चालेल का?

पिपेटपांडू: त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको. आणि कृपया वेगळा धागा काढा.

शंकासुर: पॉलिफेनॉल आणि हृदय म्हटलं की मी २०१२ आठवतो. रेझव्हेरॅट्रॉलवाले (द्राक्षातलं पॉलिफेनॉल) संशोधक दीपक दास, कनेक्टिकट विद्यापीठ, बनावट डेटाचे १४५ ठपके. शिवाय कांदा खाल्ल्यावर रक्तात जे क्वेर्सेटिन येतं ते ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून बदललेलं, तेही फार थोडं. १०० मायक्रोमोलर हृदयापर्यंत पोचवायला कांद्याचा ट्रक लागेल.

जुनं_खोड: म्हणजे सगळं संशोधन खोटं? आमच्याकडे सकाळी हळदीचं पाणी घेतात, कुणाला काही झालेलं नाही.

शंकासुर: हळदीचं कुणी विचारलं? आणि हळदीतलं कर्क्युमिन तर स्वतःच हिरवं चमकतं, डीसीएफडीएची चमक मोजतात त्याच पट्ट्यात.

रात्रपाळी: भांडण नंतर. शेजारच्या लॅबमधून कॅटॅलेज आणलं. ५० आणि १०० चा सिग्नल धाडकन उतरला. नुसत्या डॉक्सोच्या वेलमध्ये फारसा फरक नाही. मग १० चा फायदा खरा धरू? माझ्या कामाच्या शीर्षकात 'मायटोकॉन्ड्रिया' आहे.

मायटोवाली: डीसीएफडीए मायटोकॉन्ड्रियाचं नाव घेऊन काहीच सांगत नाही. मायटोसॉक्स (मायटोकॉन्ड्रियातलं आरओएस दाखवणारा लाल डाय) कर.

पिपेटपांडू: डॉक्सो स्वतः लाल चमकतं, मायटोसॉक्सच्याच पट्ट्यात! तिथे आणखी फसेल.

मायटोवाली: मग नुसत्या डॉक्सोच्या, बिनडायच्या वेल ठेवून वजा करायचं.

पिपेटपांडू: डॉक्सो केंद्रकात डीएनएला चिकटलं की त्याची चमक बदलते. काय वजा करणार? त्यापेक्षा ऑक्सिजनचा खप मोज, चमकण्याची भानगडच नको. आणि पेशी ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर ठेव, नाहीतर ग्लायकोलिसिसवरच (मायटोकॉन्ड्रियाशिवाय मिळणाऱ्या ऊर्जेवर) भागवतील.

रात्रपाळी: शुक्रवारपर्यंत?? क्लार्क इलेक्ट्रोड (ऑक्सिजन मोजणारा) विभागात आहे, पण त्याचं मेम्ब्रेन फाटलंय. पुण्यात कुणाकडे जास्तीचं आहे का?