वृत्त-छंद शिकवायचे कशाला? बहिणाबाईंना कुठे येत होते!

तापीकाठ
परवा आमच्या तालुक्याच्या कविसंमेलनात एका पोराने चांगली कविता वाचली. रात्रीची लाईट, बाप बॅटरी घेऊन केळीला पाणी भरायला जातो, त्यावर. खाली उतरला तर एका ज्येष्ठांनी गाठलं, ‘वृत्त कोणतं?’ पोराचं तोंड एवढंसं झालं.
गण, म्हणजे लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गट, लक्षात ठेवायचं सूत्र ‘यमाताराजभानसलगं’ घोकून कोणी कवी झालेला नाही. असोद्याच्या बहिणाबाई निरक्षर होत्या. शेतात, जात्यावर गाणी सुचली, मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. त्यांना कोणी गण शिकवले होते?

निवृत्त मास्तर
उदाहरण आमच्याच बाजूचं दिलंत की राव. बोटं काढा. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, आठ. जोडाक्षर एकच धरायचं. आता ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ घ्या. पुन्हा आठ-आठ. हे अपघाताने होत नसतं. नियम पुस्तकात वाचला नव्हता, पण कानात होता. जात्यावरच्या ओवीने घातलेला. तुमच्या पोराच्या कानात तो कोण घालणार? घरात जातं नाही आणि आजी मालिका बघते. मग शाळेनेच घालायला नको?

तापीकाठ
‘आला आला पावसाळा, सुरू झाली आता शाळा.’ घ्या, आठ-आठ. आत्ताच पाडली. झाली कविता? मास्तर, ती ओळ तव्यामुळे उभी आहे, आठामुळे नाही. हाताला चटके बसल्याशिवाय ती उपमा सुचत नाही.

निवृत्त मास्तर
तवा मान्य. पण तोच तवा गद्यात सांगून बघा, किती जणांना पाठ राहतो ते. आणि ‘उभ्या पिकातलं ढोर’मध्ये ‘जसा’सुद्धा नाही, तिथे मन म्हणजेच ढोर. उपमा आणि रूपक यांतला हा फरक परीक्षेत दोन मार्कांना विचारतात म्हणून पोरांना त्याचा कंटाळा येतो, हे मात्र आमच्या शिक्षकांचं पाप.

केळीचं खांब
आपल्या अहिराणीत मुळातच गोडवा आहे, वृत्त कशाला हवं?

आखाजीची लेक
बहिणाबाईंची बोली अहिराणी नाही हो, लेवा गणबोली. दर वेळी सांगावं लागतं.
बाकी तुम्ही दोघंही कागदावर मोजताय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलं की आम्ही झोक्यावर ‘आथानी कैरी, तथानी कैरी’ म्हणतो. मोजा मास्तर, दहा अक्षरं. पुढची ‘कैरी झोका खाय वं’, सातच. तरी दोन्हींना वेळ सारखाच लागतो, कारण ‘खाय’वर झोका वर जाऊन लटकतो, तेवढा तो ‘खा’ ओढायचा. तिथे अक्षरं मोजत बसलात तर खाली पडाल.

निवृत्त मास्तर
हे आवडलं. पण ताई, ओढून का होईना, भरावं लागतंच ना? म्हणजे माप आहेच.

आखाजीची लेक
आहे. पण ते दोराच्या लांबीवर ठरतं, तुमच्या फळ्यावर नाही.

रदीफवाला
एक प्रश्न सगळ्यांनीच टाळलाय. त्या पोराने वाचलं काय? गझल म्हणून वाचली असेल तर ज्येष्ठांचा प्रश्न रास्त. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, जमीन (वृत्त, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यामागून येणारे तेच शब्द) ठरली की शेवटच्या शेरापर्यंत तीच, त्यात ‘भावना महत्त्वाची’ चालत नाही. आपल्याकडे रदीफ-काफिया जुळवून मात्रांचं वाटोळं करणारे ढिगाने आहेत, मी स्वतः चार वर्षं त्यातलाच होतो. पण मुक्तछंद असेल तर प्रश्नच चुकला. मुक्तछंद रूढ करणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची दशपदी बांधली. म्हणजे मोकळं लिहिणाऱ्यालाही बांधणी कळत होती.

तापीकाठ
मुक्तछंदच होता.

रदीफवाला
मग विचारायचं होतं, ‘ओळ इथेच का तोडलीस?’ याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर वृत्त नसलं तरी चालेल. नसेल, तर ते बातमीचे तुकडे.

तापीकाठ
त्याला आत्ता फोन लावला. म्हणतो, ‘बाप बांधावर थांबतो तिथे ओळ थांबते.’

निवृत्त मास्तर
पाठवा त्याला माझ्याकडे. गण नाही शिकवत, चहा पाजतो.

आखाजीची लेक
आणि ती ‘सुरू झाली आता शाळा’ डिलीट करा आधी. सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.