व्हिटमनने स्वतःच लिहिलेली स्वतःची परीक्षणं: फसवणूक की गरज?

शब्दवेध:
‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हे कवितांचं पुस्तक अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने पदरमोड करून काढलं, याचं कौतुक सगळे करतात. ते खपवलं कसं, यावर कुणी बोलत नाही. १८५५ मध्ये त्याने या पुस्तकाची किमान तीन निनावी परीक्षणं स्वतःच लिहून छापून आणली. नामवंत अमेरिकन लेखक इमर्सनने २१ जुलैला व्हिटमनला खासगी पत्रात दाद दिली, ती ऑक्टोबरात इमर्सनला न विचारता ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये झळकली. ही सरळ फसवणूक आहे.

जुळारी:
आधी पुस्तक कसं झालं ते बघा. ब्रुकलिनमधला रोम बंधूंचा छोटा छापखाना, ७९५ प्रती, १२ कविता. दहाएक पानांचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) व्हिटमनने स्वतः जुळवले. लांबलचक ओळी मावाव्यात म्हणून पान मोठं. छपाई चालू असताना पहिल्या कवितेच्या शेवटचा पूर्णविराम निखळला, त्यामुळे बहुतेक प्रतींत तो नाहीच. मध्येच यंत्र थांबवून ओळी दुरुस्त केल्या, पण आधी छापलेले कागद फेकले नाहीत. तेही बांधणीत मिसळले. म्हणून प्रतीप्रतीत फरक सापडतो. सोनेरी नक्षीची हिरवी कापडी बांधणी सुरुवातीच्या २०० प्रतींनाच मिळाली, पुढच्या स्वस्तात बांधल्या. अशा माणसाच्या पाठीशी प्रकाशक कुठला? शिवाय तेव्हा नियतकालिकांत परीक्षणं निनावीच छापत.

शब्दवेध:
निनावी छापणं वेगळं, स्वतःचीच पाठ थोपटणं वेगळं. आणि १८५६ ची दुसरी आवृत्ती घ्या. तिच्या कण्यावर इमर्सनचं ‘एका थोर कारकिर्दीच्या आरंभी तुमचं स्वागत करतो’ हे वाक्य त्याच्या नावासकट सोनेरी ठशात आहे. इमर्सनने वाचल्या होत्या १२ कविता. या पुस्तकात ३२. न वाचलेल्या वीस कवितांनाही त्याची दाद चिकटवली! वर याच आवृत्तीत, पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती छापल्या आणि त्या सहज खपल्या, असं तो लिहितो. हे धडधडीत खोटं.

मृद्गंध:
कण्याचं आणि हजार प्रतींचं, दोन्ही मान्य. पण खपवताना वाटेल ते करणारा हा माणूस मजकुराला फारसा हात लावू देत नव्हता. १८८२ मध्ये बॉस्टनच्या सरकारी वकिलाने अश्लीलतेच्या खटल्याची धमकी दिली. ऑसगुड या प्रकाशकाने काही कविता गाळायला सांगितल्या. किरकोळ बदलांना व्हिटमन तयार होता. अख्ख्या कविता काढायला त्याने साफ नकार दिला. ऑसगुडने विक्री थांबवली, तेव्हा छपाईचे धातूचे पत्रे ताब्यात घेऊन त्याने पुस्तक फिलाडेल्फियात छापवलं.