पीडीओचा आकडा वाचताना
पीडीओ म्हणजे पॅसिफिक डेकेडल ऑसिलेशन, उत्तर प्रशांत महासागराच्या तापमानातला दशकानुदशकं चालणारा चढउतार. त्याबद्दल कुणी म्हणतं, 'पीडीओ उष्ण टप्प्यात गेला म्हणजे सगळा प्रशांत महासागर तापला.' तसं नाही. पीडीओचा निर्देशांक 20 अंश उत्तर अक्षांशाच्या वरच्या प्रशांत महासागराच्या पृष्ठतापमानावरून काढतात. त्या-त्या महिन्याच्या दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक घ्यायचा, त्यातून जागतिक सरासरी वजा करायची, मग उरलेल्यातला सर्वांत ठळक आकृतिबंध शोधायचा. म्हणजे जागतिक तापमानवाढ आधीच बाजूला काढलेली असते. ती पीडीओच्या माथी मारताच येत नाही! उष्ण टप्प्यात अमेरिकेचा पश्चिम किनारा तापतो, मध्य-उत्तर प्रशांत मात्र थंड असतो. 1976-77 मध्ये पीडीओ उष्ण टप्प्यात पालटल्यानंतर अलास्कात सॅमन मासे वाढले, वॉशिंग्टन-ओरेगॉनकडे घटले. आणि एकदोन वर्षांवरून टप्पा बदलला असं ठरवू नका. एल निनोसुद्धा हा आकडा तात्पुरता वर ढकलतो.