क्लबात पिस्तूल मारणाऱ्यानं छर्रे पारखून घ्यावेत का? माझं मत: घ्यावेतच

दुधाळीकर

गेल्या महिन्यात रेंजवर माझ्या शेजारच्या लेनला अकरावीतला एक मुलगा होता. दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबानं शिशाचा बारीक छर्रा मारणारं. हात चांगला, ट्रिगर मऊ. पण चेहरा पडलेला. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "दादा, मी दहा म्हणतो आणि स्क्रीनवर आठ येतो. तेपण खाली उजवीकडं." या एका आठामुळं त्यानं आधी ग्रिप बदलली, मग साईटचे क्लिक फिरवले, मग पायांची जागा बदलली. आठवडाभर हेच चाललं होतं.

मी त्याची डबी मागितली. छर्रे पांढऱ्या रुमालावर ओतले आणि एकेक फिरवून बघितला. मागचा घेर, ज्याला आपण स्कर्ट म्हणतो, तो पाच-सहा छऱ्यांचा चक्क लंबगोल झालेला. काहींच्या डोक्यावर शिशाची बारीक किनार तशीच राहिलेली. डबी कुठून आणली हे महत्त्वाचं नाही, प्रवासात दबली असेल. माझ्या डबीतले तीस छर्रे त्याला दिले. त्याचा कॉल आणि छिद्र जुळायला लागले. स्कोअर फार वाढला नाही, पण तोंडावरचा ताण गेला.

नवीन लोकांसाठी सांगतो: गोळी सुटताना साईट कुठं होती ते डोळ्यात धरायचं आणि स्क्रीनकडं न बघता छिद्र कुठं असेल ते सांगायचं, याला कॉल म्हणतात. पिस्तूलमधलं सगळं शिक्षण या कॉलवर उभं आहे. छर्रा खोटं बोलला तर मुलगा स्वतःच्या बरोबर हाताला चूक समजतो आणि तो हात मोडून नवा बसवायला घेतो. यात जे नुकसान होतं ते गुणांत मोजता येत नाही.

माझी पद्धत साधी आहे. पिस्तूल क्लॅम्पमध्ये, पकड फ्रेमवर, बॅरलवर किंवा हवेच्या नळीवर कधीच नाही. एकाच कंपनीचे ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर डोक्याचे छर्रे, शिवाय प्रत्येकाचे दोन वेगळे लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेला माल. अशा चार डब्या. डबी बदलली की पहिले पाच मोजायचे नाहीत. मग दहा-दहाचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छिद्रांचे पुंजके, प्रत्येकाला नवा कागद. व्हर्नियरनं बाहेरून बाहेर माप घ्यायचं आणि त्यातून ४.५ वजा करायचे. एक सकाळ जाते. ज्याला नेमबाजी मनापासून करायची आहे त्यानं एवढं करायलाच हवं.

उद्यमनगर_लेथ

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. मी दिवसभर मायक्रोमीटर घेऊनच बसतो, त्यामुळं मापाचं मला वावडं नाही. म्हणूनच जरा हिशोब मांडतो.

दहा मीटर पिस्तूलच्या टार्गेटचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा. छर्रा ४.५ चा, आणि कड लागली तरी दहा मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटर सरकला तरी दहाच. त्यापुढं प्रत्येक गुणाला आणखी ८ मिलिमीटर.

आता क्लबातल्या पोराचा हात १२ मिलिमीटर इकडंतिकडं फिरतो असं धरा, आणि छर्रा स्वतःहून ३ मिलिमीटर भरकटतो. दोन चुका सरळ बेरजेनं वाढत नाहीत. दोन्हींचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. १४४ अधिक ९, म्हणजे १५३. वर्गमूळ साडेबारासुद्धा येत नाही. म्हणजे छऱ्यानं तुमच्या पोराचं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी नुकसान केलं, आणि बाकी सगळं हातानं. वर पिस्तूलच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात धरतात. दशांश फक्त फायनलला. मग क्लॅम्प लावून सकाळ घालवण्यापेक्षा ती सकाळ ड्राय ट्रिगरला, म्हणजे रिकाम्या पिस्तूलवर ट्रिगर दाबायच्या सरावाला द्या.

ज्याचा हात ४ मिलिमीटरवर आलाय त्याचं वेगळं. १६ अधिक ९ पंचवीस, वर्गमूळ ५. तिथं पूर्ण एक मिलिमीटर जातो. त्यानं जरूर डब्या तपासाव्यात. पण असे आपल्या रेंजवर किती जण आहेत?

गंगावेशचा_भाचा

लेथवाल्या भावाशी सहमत. आमच्या मामांच्या तालमीत एक गोष्ट पक्की असायची, खुराक मेहनतीमागनं येतो. जोर-बैठका न मारता नुसतं दूध-बदाम खाल्लं तर पोट सुटतं, पैलवान होत न्हाई. हितं पोरगं सहा महिन्यांत भारीतला छर्रा, भारीतली ग्रिप, भारीतले बूट मागतंय आणि भिंतीसमोर दहा मिनिटं पिस्तूल धरून उभं ऱ्हायला सांगितलं की खांदा दुखतोय म्हणतंय. आधी खांदा बनवा. डबी कुठं पळून जात न्हाई.

दुधाळीकर

भाच्या, मेहनतीबद्दल तुझं खरंच आहे. पण तालमीतसुद्धा माती चाळून, खडे काढून, तेल-हळद घालून मगच पोरं उतरवतात ना? खडा रुतला तर पोराला डाव चुकला असं वाटत नाही, त्याला खडा रुतलेला कळतो. इथं छऱ्यातला खडा दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

लेथवाले, तुमचा हिशोब बरोबर आहे. फक्त तो रोजच्या सरासरी छऱ्याचा आहे. लंबगोल स्कर्टचा छर्रा ३ मिलिमीटर भरकटत नाही, तो १५ जातो, आणि साठ शॉटांत दोनदाच जातो. सरासरीत तो दिसतच नाही. मुलाच्या डोक्यात मात्र तो दोनच शॉट घर करून बसतो.

रॅपिडवाली

मी पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तूल मारते, म्हणून जरा वेगळं सांगते. आमच्याकडे पॉइंट टू-टू, म्हणजे छर्रा नाही, छोटं काडतूस. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश मारायच्या भागाला, दहाचा गोल ५० मिलिमीटर, रॅपिडला, म्हणजे झटपट मारायच्या भागाला, तर १०० मिलिमीटर. एवढ्या मोठ्या गोलात कुठलंही बऱ्यापैकी काडतूस ग्रुप धरतं. ग्रुपपेक्षा आम्हाला राउंड, म्हणजे काडतूस, अडकण्याची भीती जास्त. तीन सेकंद टार्गेट समोर, सात सेकंद विश्रांती, असे पाच शॉट. स्लाईड, म्हणजे पिस्तूलचा मागंपुढं सरकणारा भाग, काडतुसाच्याच धक्क्यानं मागं जाते. धक्का कमी पडला की रिकामं केस, म्हणजे काडतुसाची नळी, बाहेर पडत नाही, आणि त्या मालिकेची लय तिथंच तुटते.

म्हणून मी नवीन लॉट आला की कागद लावतच नाही. शंभर राउंड रॅपिडच्या लयीत मारते आणि वहीत फक्त अडकल्याची नोंद करते. थंडीत सकाळी सातला वेगळं, दुपारी वेगळं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा शॉटांत, सुवर्ण घेतलं ते आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून बघितलंय. तशा वेळी राउंड अडकला तर, या विचारानंच पोटात गोळा येतो. तेव्हा दादा, तपासणीच्या बाजूनं माझंही मत आहे, पण काय तपासायचं हे प्रकारानुसार ठरवा. ग्रुपचं वेड रायफलवाल्यांचं. पन्नास मीटर रायफलला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, तिथं लॉटवर पदक ठरू शकतं. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये २०२४ ला कांस्य घेतलं ते त्याच टार्गेटवर. मोठ्या काडतूस कंपन्या युरोपात नेमबाजांना स्वतःची बॅरल घेऊन बोलावतात आणि लॉटमागून लॉट मारून बघू देतात, ते मुख्यतः याच लोकांसाठी. पिस्तूलवाल्यांनी त्यांची नक्कल करू नये.

राजारामपुरी_ते_ओहायो

मी मूळचा राजारामपुरीचा, बारा वर्षं अमेरिकेत. इथं एका हातानं पिस्तूल मारायचा जुना प्रकार आहे, पंचवीस आणि पन्नास यार्डांवर. मी त्यासाठी काडतुसं स्वतः भरतो. इथं त्याला कायद्यानं मुभा आहे आणि क्लबात निम्मे म्हातारे हेच करतात.

त्यातून शिकलेलं सांगतो, कारण ते छऱ्यांनाही लागू आहे. एक, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बंदुकीची दारू, गोळी, गोळी किती खोल बसवली, यातल्या दोन गोष्टी एकदम बदलल्या की ग्रुप कशानं सुधारला हे देवालाही सांगता येणार नाही. दोन, पाच शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवायचा नाही. मी एकदा पाच शॉटचा एवढासा ग्रुप बघून पाचशे भरून ठेवली. पुढच्या आठवड्यात तेच काडतूस दुप्पट पसरलं. तेव्हापासून मशीन रेस्टवर, म्हणजे पिस्तूल घट्ट धरणाऱ्या यंत्रावर, तीस शॉट झाल्याशिवाय मी वहीत मत लिहीत नाही. दादांचे दहा शॉटसुद्धा मला कमीच वाटतात. आणि पुस्तकातल्या मर्यादेबाहेर एक कणही जायचं नाही, टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा ठेवायचा, हे तर आहेच.

लेथवाल्या दादांना मात्र एक सांगतो. पन्नास यार्डांवर दहाचा गोल साधारण ८५ मिलिमीटर. माझा हात त्याहून मोठा फिरतो. तरीही मी चांगलं काडतूस भरतो, कारण शॉट वाईट गेला तर दोष द्यायला दुसरं कुणी उरू नये.

नवा_नेमबाज_कसबाबावडा

मग आपल्याकडे असं भरता येईल का हो? पॉइंट टू-टूचे रिकामे केस रेंजवर ढिगानं पडलेले असतात.

रॅपिडवाली

भावा, तो विचारच सोड. पॉइंट टू-टूच्या केसमध्ये पेटणारा मसाला कडेच्या आत, तळाच्या गोल घडीत भरलेला असतो. पिन कडेवर आदळते आणि कड चेपते. ते केस एकदाच वापरायचं. मध्यभागी वेगळी टोपी असलेल्या केसमध्येच ती टोपी बदलता येते. आणि शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच आहेत. लायसन्स जाईल, करिअर जाईल. रेंजवरचे केस रेंजवरच जमा करायचे.

शाहूपुरीची_आई

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, दीड वर्ष एअर पिस्तूल मारते. चांगल्या छऱ्यांची पाचशेची डबी पाच-सहा सरावांत संपते. तुम्ही "चार डब्या आणून तपासा" इतक्या सहज म्हणता, पण त्यातल्या तीन डब्या नापास झाल्या तर त्यांचे पैसे कुठून काढायचे? आमच्यासारख्या घरात मुलीच्या मनावर याचं ओझं येतं. परवा ती म्हणाली, "आई, माझे छर्रे चांगले नाहीत म्हणून मागे पडते का ग?" हे वाक्य तुमच्या चर्चेतून तिच्यापर्यंत पोचलंय, एवढं लक्षात घ्या.

आणि जे रुमालावर ओतून हाताळतात, ते नंतर साबणानं हात धुतात का? शिसं आहे ते. मुलं तशाच हातांनी वडा-पाव खाताना मी डोळ्यांनी बघितलंय.

दुधाळीकर

ताई, तुमची दोन्ही बोलणी मला लागली. हात धुण्याचं तर मी पहिल्याच लिखाणात सांगायला हवं होतं. पैशांचंही खरं आहे. नापास डबी फेकायची नसते, ती ट्रिगरच्या सरावाला कोऱ्या कागदावर वापरता येते, तिथं स्कोअर बघायचाच नसतो. आणि एका घरानं चार डब्या का घ्याव्यात? चार घरांनी एकेक घ्यावी, एकत्र तपासावी.

तुमच्या मुलीला सांगा, छऱ्यामुळं कुणी मागे पडत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तिनं सुरुवात याच गावात, आपल्या कोल्हापुरात केली. त्या काळी इथं काय सोयी होत्या हे जुन्या लोकांना विचारा.

उद्यमनगर_लेथ

वाद घालत बसण्यापेक्षा करून बघू. पण क्लॅम्पवर नको. हातानं, आणि आंधळं. डब्यांवरचं नाव मारणाऱ्याला कळता कामा नये. मी तीन वाट्यांत छर्रे भरतो, अ, ब, क. दादा मारतील, प्रत्येक शॉटला आधी कॉल बोलतील, मी लिहीन. रविवारी सकाळी सात.

दुधाळीकर

झालं. प्रत्येक वाटीतून तीस, एकूण नव्वद शॉट. उघड करून सांगतो.

अ आणि ब यांच्यात मला काहीही फरक कळला नाही. एक ४.४९ ची निघाली, एक ४.५० ची. ज्या फरकासाठी मी दोन वर्षं सकाळी घालवल्या, तो माझ्या हाताला दिसत नाही. लेथवाले इथं बरोबर.

क म्हणजे त्या मुलाची जुनी डबी, लेथवाल्यांनी त्याच्याकडून मागून आणली होती. तीसपैकी सत्तावीस कॉल जुळले. तीन अजिबात जुळले नाहीत, त्यातला एक मी स्वच्छ दहा म्हटलं आणि सात आला. तिसऱ्यानंतर माझं मनगट आखडलं, हे लेथवाल्यांनी न विचारता वहीत लिहिलंय. वीस वर्षं मारणाऱ्याचं आखडतं.

तेव्हा मापाचा हट्ट मी सोडतो. डोळ्यांनी निवडणं सोडत नाही.

उद्यमनगर_लेथ

वही माझ्याकडंच आहे. तीन म्हणजे फार थोडे, यावरून मी मत बदलणार नाही. पण ते मनगटाचं मी पाहिलं, ते नाकारत नाही. क वाटीत अजून दोनशेच्या वर छर्रे शिल्लक आहेत. पुढच्या रविवारी मी ते आधी सपाट काचेवर घरंगळत सोडून बघतो. जे बाकीच्यांसारख्या वळणानं जात नाहीत ते वेगळे काढतो, आणि दोन्ही ढीग दादांना न सांगता देतो. शाहूपुरीच्या ताई, मुलीलाही आणा, कॉल ती लिहील. साबण मी आणतो.